उकंडरावांचा संन्यास

वडनेर भोलजीच्या उकंडरावांनी संन्यास घेतला, तो निव्वळ बायको "घ्या" म्हणाली म्हणून. मळ्यातली वांगी उपटून तिथं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी लावायची, असा त्यांचा हट्ट होता. मनकर्णाबाई म्हणाल्या, वांगी राहतील. "मंग मी संन्यास घेतो," उकंडराव तावातावानं बोलून गेले. ही धमकी ते लग्नापासून देत आले होते आणि बाई दर वेळी गप्प बसत. त्या दिवशी मात्र भाकर थापता थापता त्या म्हणाल्या, "घ्या."

आता आली का पंचाईत! माणूस चारचौघांपुढं शब्द फिरवील, पण बायकोपुढं कसा फिरवणार? उकंडराव तडक महादेवाच्या देवळात गेले. तिथं एक गोसावी उतरला होता आणि त्याला कामाचा भारी उरक. त्यानं यांची शेंडी उतरवली, यांच्याच हातून यांचं श्राद्ध घातलं, गावजेवण झालं, यांना भगवी छाटी गुंडाळली आणि दक्षिणा घेऊन गडी पुढच्या गावच्या वाटेला लागला.

संन्यास आठवडाभरही टिकला नाही. एका सकाळी स्वामी आपल्याच दारात उभे राहिले. मनकर्णाबाईंनी चौकटीला आडवा हात लावला.

"महाराज, संन्याशानं घरात येऊ नाही. भिक्षा आणतो."

"अवं, मी हाव ना."

"दिसून राह्यलं."

गावात उकंडरावांनी सांगितलं, की लोकांना दर्शन द्यावं म्हणून आलो. हे हसण्यावारी गेलं असतं, पण पुतण्या शेषराव हुशार निघाला. जमीन एकत्र कुटुंबाची, उकंडरावांना मूलबाळ नाही. त्यानं सरळ मळ्यात औत घातलं.

"काऊन बे, माह्या वावरात?"

"तुमी कायद्यानं मेले, काका. मी काय करू? तुमच्या श्राद्धाले मी सोता जेवलो."

उकंडराव मलकापूरला इंद्रभान वकिलांकडे धावले. राज्य तेव्हा इंग्रजांचं, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, पण असल्या बाबतीत कोर्ट हिंदू धर्मशास्त्रच बघे. वकील म्हणाले, "पुतण्याचं खरं आहे. संन्याशाला जमीन नाही, वारसा नाही, वाटणी मागता येत नाही. सगळे हक्क गेले आणि जबाबदाऱ्याही गेल्या."

"आन् बायको?"

"तिला पोटगी. शेषराव देईल तेवढी."

उकंडराव मनात हिशेब करू लागले. तो मळा मनकर्णानं डोक्यावर घागरी वाहून जगवला होता. आता तिनं पुतण्याच्या बायकोपुढं पदर पसरायचा? आपल्या एका तोऱ्यापायी?

"एक वाट आहे," वकील म्हणाले. "संसार मनातून सुटला असेल तरच संन्यास खरा. तुमचा सुटला नव्हता, हे शपथेवर सांगा."

"सांगतो की."

"परत का आलात, तेही विचारतील."

दाव्याच्या तारखेला निम्मं वडनेर गाड्या जुंपून आलं होतं. उकंडरावांनी शपथ घेतली. मुन्सफांनी विचारलं, "परत का आलात?"

"मळ्यासाठी, साहेब."

शेषरावाचा वकील लगेच उठला. "वांगी तर तुम्हालाच नको होती."

लोक हसले. उकंडरावांनी खाली बघितलं, मग आपल्या वकिलांकडे, मग पुन्हा खाली. दर्शन द्यायला आलो म्हणावं तर संन्यास खरा ठरतो आणि मळा जातो. खरं सांगावं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. मागं बाकावर मनकर्णाबाई पदर आवळून बसल्या होत्या.

"देवळात झोप नाही लागली," ते पुटपुटले. "सकाळी उठलो त भांडाले कोणी नाही. जेवलो का, कोणी पुसे ना. हिच्याबिगर करमत नाही मले."

या वेळी कोणी हसलं नाही. कारकुनानं जबाब लिहून घेतला, रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला, आणि उकंडरावांनी मान खाली घालूनच अंगठा उठवला.

"याला आम्ही रुसवा म्हणतो," मुन्सफ म्हणाले. "रुसव्यानं माणूस कायद्यानं मरत नाही. मळा उकंडरावांचाच."

शेषराव पाय आपटत बाहेर गेला. उकंडराव घाईघाईनं दाराकडे निघाले, तेवढ्यात मागं मनकर्णाबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, मले मागं नीट आयकू नाही आलं. यायच्या जबाबातलं शेवटचं तेवढं पुन्हा वाचाले सांगा ना."

मुन्सफांनी चष्मा काढला, उकंडरावांना हातानं थांबवलं आणि कारकुनाकडे बघितलं.

"वाचा," ते म्हणाले. "सावकाश."