पावन्याला 'येजो'

निशा, रोहन,

रोहनला आता रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते आणि सुई दिसली की तो न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावतो, असं तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं. तुमच्या आजीला उपदेश जमत नाही. म्हणून साकोलीच्या आमच्या शेजाऱ्यांविषयी, मनिरामजींविषयी लिहिते.

मनिरामजी स्वतःच्या श्वासाला निरोप द्यायचे. श्वास आत आला की "ये", आणि बाहेर निघाला की गाडीत बसलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं सावकाश, "येजो". म्हणजे, पुन्हा ये.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मनिरामजी घरीच मागावर लुगडी विणत. त्यांच्या पत्नी काशीबाईंना साखरेची बिमारी होती. रोजची सुई चुकली तर जीवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गल्लीत फ्रिज आमच्याकडेच, म्हणून औषधाची बाटली आमच्याकडे. मनिरामजी सकाळी ती न्यायला येत तेव्हा फ्रिजपुढे चपला काढून उभे राहत.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर पुण्याकडचा होता. काशीबाई सुईला घाबरतात हे ऐकून तो म्हणाला, "आधी श्वास घ्या, मग हळूहळू श्वास सोडा. अंग सैल झालं की टोचा."

मनिरामजी उसळले. "सोडा? श्वास सोडला का मानूस मरते, डॉक्टरसाहेब! घरच्या पावन्याले तरी आपन 'जा' म्हनतो का?"

तेव्हापासून 'येजो' सुरू झालं.

आमच्या परसातून त्यांचं अंगण दिसे. काशीबाई खाटेवर बसलेल्या, मनिरामजींच्या हातात उकळून काढलेली काचेची सिरिंज.

"थांबा जी, मले भेव लागते," त्यांचा मोकळा हात धरून काशीबाई म्हणत.

"मंग बोलाव पावना."

दोघं मिळून श्वास घेत. "ये… आता सावकास… येजो." पुन्हा "ये", पुन्हा "येजो". सुई आपली हवेतच.

"आटपा ना जी, भाकर थंडी होऊन राहिली."

"पावन्याले हाकलून काहून राहिली वो?"

दवाखान्यात तर ते सगळ्या रांगेलाच श्वास घ्यायला लावत. कंपाउंडर वैतागे. "मनिरामजी, तुमचे पावने लय मुक्कामी हायेत. लाइन सरकू द्या."

"तुह्या हातची सुई लोकायले जास्त दुखते. पयले तूच श्वास घे."

एकदा मनिरामजी तापाने पडले, म्हणून सुई द्यायला मी गेले. घाबरू नका, असं म्हणायची तयारी करूनच गेले होते. काशीबाईंनी माझ्या हातातून सिरिंज घेतली, लुगडं सावरलं आणि स्वतःच मांडीत टोचून घेतली. श्वास नाही, पाहुणा नाही, काही नाही.

"अहो, मग रोज भीती वाटते कशाला म्हणता?"

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "भेव त्याहिले लागते, बाई. मले टोचतानी हात कापते त्याहिचा. सोतासाठी श्वास घ्या म्हटलं त घेनार नाईत. माह्यासाठी घेतेत. तुमी बोलू नका बरं."

मी बोलले नाही.

पुढे काशीबाईंची नजर गेली. मग पायाला जखम झाली, ती भरेना. नागपूरला नेलं, पण त्या परत आल्या नाहीत. मनिरामजींचा माग त्या वर्षी बंदच राहिला. एका संध्याकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले,

"काशी सुईले भेत नोती, बाई."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"मले मालूम होतं. पन भेव लागते म्हने, तवा माहा हात धरून ठेवे. नाई त आमच्या वयात कोन कोनाचा हात धरते?"

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तेही गेले. त्यांनी काशीबाईंसाठी विणलेलं एक लुगडं त्यांच्या मुलीने मला दिलं. ते माझ्या कपाटात आहे. घड्यांवर थोडं विरलं आहे, रंग गेला आहे. किनार मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे; मागावर त्यांचा हात थरथरला नव्हता.