सुधारून वाढवलेली आवृत्ती

वेलांटीकाकांचा एक दावा होता आणि पाहुण्यांना तो चहाच्या आधी मिळायचा. "छापखान्यात उभा जन्म प्रुफं तपासली. दुसऱ्याच्या लिखाणात माझ्या मनचा एक शब्द घातला असेन, तर नाव बदलेन."

नाव तसं गल्लीनं केव्हाच बदललं होतं. ऱ्हस्व-दीर्घावरून दुकानांच्या पाट्यांशी भांडणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

गंमत अशी, की एवढी पुस्तकं हाताखालून जाऊनही काकांना एकाचीही गोष्ट ठाऊक नव्हती. ते फक्त अक्षरं वाचायचे. नायिका नदीत उडी मारत असली, तरी यांचं लक्ष 'नदीत'मधली 'दी' दीर्घ आहे ना, इकडे. काकूंचं बरोबर उलट. त्या आधी शेवटचं पान वाचायच्या, मग पहिल्यापासून सुरुवात करून, रुमालाने डोळे टिपत टिपत पुन्हा शेवटाला यायच्या. "शेवट ठाऊक असला की जिवाला घोर राहत नाही," असं त्यांचं म्हणणं.

"मग रडतेस कशाला?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"घोर नसला की मोकळेपणी रडता येतं."

तर अशा काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एक डोळा आधीच अधू, सगळी भिस्त या दुसऱ्यावर. डॉक्टरांनी बजावलं, "वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आणि रडायचं तर अजिबात नाही." काकूंना रडू नको म्हणणं म्हणजे जुन्या नळाला गळू नको म्हणण्यासारखं होतं.

त्यातच, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लायब्ररीतून ती कादंबरी आलेली. काकू कधीच्या तिच्या मागे होत्या. एक शिंपी, त्याची बायको आणि एकुलती एक मुलगी, अशी गोष्ट.

"तुम्ही वाचून दाखवा ना," काकू म्हणाल्या. "पण जसंच्या तसं हं."

"हे तू मला सांगतेस?" म्हणत काकांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. छापखान्यात एकाने मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून बघायचं, ही रीत त्यांच्या जिभेवर बसली होती. त्यामुळे वाचन असं चाले: "सकाळ झाली स्वल्पविराम शिंप्याने दार उघडलं पूर्णविराम अवतरणचिन्ह सुरू बाळ स्वल्पविराम ऊठ पूर्णविराम अवतरणचिन्ह पूर्ण."

शेजारच्या वहिनी मटार सोलायचं निमित्त करून ऐकायला येऊन बसू लागल्या. यांची तऱ्हा तिसरीच. पुस्तकातले फक्त संवाद वाचायचे, बाकी सगळं ओलांडून जायचं. "झाडं-डोंगर घेऊन मी काय करू? कोण कुणाला काय म्हणालं तेवढं कळलं की बास."

दोन-चार दिवस बरे गेले आणि शिंपी आजारी पडला. काकांची नजर सवयीने एक ओळ पुढे धावली. पुढच्या ओळीत शिंप्याने प्राण सोडला होता. इकडे काकूंचा हात आधीच रुमाल चाचपायला लागलेला.

"रात्र चढत गेली स्वल्पविराम दिवा मंद झाला स्वल्पविराम आणि शिंप्याने..." काकांनी पुढच्या ओळीवर अंगठा दाबला. "शिंप्याने औषध घेतलं आणि सकाळी त्याला खडखडीत बरं वाटलं."

काकूंनी रुमाल ठेवून दिला. काकांचा जीव भांड्यात पडला, पण किती वेळ? मेलेल्या माणसाला जिवंत ठेवणं म्हणजे खायचं काम नाही, महाराजा. पुढच्याच प्रकरणात घरभर माणसं रडत होती. "कांदे फार तिखट निघाले होते," काकांनी खुलासा केला. मायलेकींनी घर विकून शहर गाठलं, तेव्हा काकांनी शिंप्याला हवापालटासाठी धाकट्या भावाकडे पाठवला. मुलीने भिंतीवर बापाचा फोटो लावला, तो म्हणे छान आला होता म्हणून. आणि मग मुलीचं लग्न निघालं. बाप हयात, आणि लेकीच्या लग्नाला गैरहजर? काकांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि शिंप्याला सरळ बोलायला उभं केलं.

"बाळ, मला बोलता येत नाही. जन्मभर लोकांच्या कपड्यांना टाके घातले. तुझ्या आईला एकदाही म्हणालो नाही की तिच्यावाचून माझं पान हलत नाही. आज सगळ्यांसमोर म्हणतो."

वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली. काकूंनी काळा चष्मा नीट बसवला.

पुस्तक संपलं आणि वहिनींनी ते हक्काने उचललं. "ते भाषण मुलीला वाचून दाखवते." दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या त्या ग्रंथपालांना घेऊनच.

"लग्नातलं भाषण कुठे गेलं? सगळे संवाद पालथे घातले. आठव्या प्रकरणानंतर शिंपी एक शब्द बोलत नाही."

ग्रंथपालांच्या हाताखाली सगळी लायब्ररी, पण ते वाचायचे फक्त मलपृष्ठ. "पानं तर सगळी आहेत, वहिनी. आणि मागे स्वच्छ छापलंय, 'पित्याच्या नि...'"

"चूक आहे ते," काका ओरडले आणि त्यांनी पुस्तक जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"मग तुम्हीच सांगा," ग्रंथपाल म्हणाले. "तुम्ही या विषयातले जाणकार. शिंप्याचं झालं तरी काय?"

खरं सांगावं तर काकू इथेच रडायला लागणार, डोळा जाणार. खोटं सांगावं तर वहिनींनी कादंबरी चाळलेली. तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, यांनी वाचली ती सुधारून वाढवलेली आवृत्ती. तिची एकच प्रत आहे."

"कुणाकडे?" ग्रंथपालांनी वही काढली.

"माझ्याकडे. बाहेर द्यायची नाही."

दोघं गेल्यावर काका मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"शेवटचं पान मी ऑपरेशनच्या आधीच वाचलं होतं. शिंपी जाऊन वर्षं झालीत त्यात."

काकांनी कपाळावर हात मारला. बायकोची उभ्या संसाराची सवय, आणि ती नेमकी नजरेतून सुटावी?

"आणि मनचं कुठे घालताय तेही कळत होतं," काकू म्हणाल्या. "पुस्तकातलं वाचताना तुम्ही स्वल्पविराम म्हणता. मनचं बोलताना एकही नाही."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"तुमचं पान हलत नाही, हे ऐकायला इतकी वर्षं गेली. मध्येच कशाला थांबवू?"

काळ्या चष्म्याखालून एक थेंब गालावर उतरला. काका ताडकन उठले. "अगं, रडायचं नाही ना तुला."

"रडतंय कोण? औषधाचा थेंब आहे तो."

औषध घालायची वेळ अजून व्हायची होती. बाटली समोरच्या फळीवर होती, टोपण घट्ट लावलेली. काकांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग डोळ्याला धक्का न लावता त्यांनी रुमालाने हलकेच गाल टिपला, आणि जन्मात पहिल्यांदाच धडधडीत दिसणारी चूक न सुधारता तशीच राहू दिली.