पंच पाव्हणा निघाला

योगिनीने आईला बजावून ठेवलं होतं, "तू बारामतीला अजिबात येऊ नकोस." तरी रविवारी अंतिम सामन्याची शिट्टी व्हायच्या आधीच पायऱ्यांवर हिरवं लुगडं दिसलं. पंजाबी ड्रेसातल्या कॉलेजच्या पोरींच्या मधोमध सारजाबाई मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर डबा. हात वर करून त्या लेकीला हाक मारत होत्या.

"कोण गं ती बाई? तुलाच हात करतीय," तिच्या इंदापूरच्या संघातल्या फरजानाने विचारलं.

योगिनी हाफपँट गुडघ्याकडे ओढत म्हणाली, "काय माहीत. हितलीच असंल कुणीतरी."

म्हणाली आणि तिचे कान तापले. पण तेवढ्यात शिट्टी झाली, आणि शब्द मागे घ्यायचा राहून गेला.

सारजाबाईंना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. माणसांमधलं मात्र सगळं कळायचं. कुणीही भेटला की आधी त्याचं गाव, मग आजोळ, आणि तेवढ्यात तो कुणाचा तरी मेव्हणा निघायचाच. खेळ अर्ध्यावर येईतो शेजारची बाई त्यांची चुलत नणंद होऊन बसली होती. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला आलेले पंच तावडीत सापडले.

"गाव कंचं म्हणायचं?"

"नरसिंहपूर."

"आमच्या कुशाबाईची थोरली तिथंच दिलीया."

"ती माझीच मंडळी," पंच बिचारे खरं बोलले.

"आगं बया! म्हंजी तुमी आमचं जावईबापू! घ्या, धपाटं खावा. जावयानं रिकाम्या तोंडी जायचं न्हाय."

पंचांनी नको नको म्हणत धपाटं खाल्लं. तिथंच घात झाला.

खेळ पुन्हा सुरू झाला, आणि पायऱ्यांवरून आवाज आला, "जावईबापू, बघा की! ढकललं तिनं!" ढकललं खरंच होतं. पंचांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या पायऱ्या हसल्या. योगिनीने मान वर केली नाही. खाली मान घालूनच ती पळत राहिली, आणि अगदी शेवटी तिनेच टाकलेला बॉल जाळीतून गेला. इंदापूरच्या पोरी जिंकल्या. कप आजवर इंदापूरला कधी गेला नव्हता. पोरी नाचायला लागल्या, तोच समोरच्या बारामतीच्या संघाचे सर टेबलाकडे धावले.

"पंच यांचा जावई हाय! धपाटं खाल्लंय त्यानं, मी डोळ्यांनी बघितलंय!"

पंचांच्या मिशीला तीळ चिकटलेला होता. नाही कसं म्हणणार?

संयोजकांनी सारजाबाईंना खाली बोलावलं. "बाई, इंदापूरच्या संघात तुमचं कुणी खेळतंय का? असंल तर हा अंतिम सामना दुसऱ्या पंचाकडून परत घ्यावा लागंल. नसंल तर कप त्यांचा."

फरजाना घाईने पुढे झाली. "कुणी न्हाय सर! योगिनी मघाशीच म्हणली, हितलीच बाई हाय कुणीतरी."

सारजाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग कपाकडे. पदर सावरून हळूच म्हणाल्या, "न्हाय वो साहेब. माझं कुणी न्हाय हितं. उगं बघाय आल्ते."

रस्त्यावरच्या परक्यालाही नात्यात ओढणारी ती बाई, सगळ्यात जवळचं नातं तिने असं अलगद सोडून दिलं. योगिनीला कुठं तोंड लपवावं कळेना.

"सर," ती म्हणाली, "आई हाय ती माझी."

"गप की येडे!" फरजाना किंचाळली. पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

खेळ परत झाला. सारजाबाई तोंडात पदर कोंबून बसल्या. योगिनीचा बॉल रिंगवर गोल फिरला आणि बाहेर पडला. कप बारामतीतच राहिला.

परतीच्या एसटीत योगिनीशी कुणी बोलेना. फरजाना दोन्ही गाल भरून धपाटं खात होती. "धपाटं चांगलं झालंय," ती म्हणाली, "पण मी तुझ्याशी बोलणार न्हाय."

सारजाबाई पुढे जाऊन बसल्या होत्या. भवानीनगर यायच्या आत कंडक्टर त्यांचा भाचा निघाला.

"मग मावशे, बारामतीला कुणाकडं गेलतीस?"

रिकामा डबा पोटाशी धरून सारजाबाई मागे वळल्या. सगळी गाडी ऐकत होती.

"योगे," त्यांनी विचारलं, "सांगू का गं?"