रंगोबाने बांग गिळली

एका जंगलात, म्हणजे तुमच्या गल्लीत नव्हे, खऱ्या जंगलात, रंगोबा नावाचा रानकोंबडा राहायचा. चुळबुळ थांबवा पोरांनो, आणि ऐका.

रंगोबा म्हणजे जंगलाचं घड्याळ. तांबडं फुटायच्या आत त्याची बांग. ती ऐकून हरणं पाण्यावर जायची, माकडं तोंडं धुवायची आणि वाघमहाराज कूस बदलून पुन्हा घोरायचे. बापआज्यापासूनची चाकरी. बांग चुकली तर चाकरी जाते आणि चाकरी गेलेला कोंबडा महाराजांच्या पानात जातो, हे रंगोबाला पाठ होतं.

मग जंगलात प्रगती आली. महाराजांचा वाढदिवस रोज होऊ लागला. महाराजांचा नसेल तर मेहुण्याचा, मेहुण्याचा नसेल तर मेहुण्याच्या साडूचा. दिवसभर अस्वलं ढोल बडवायची. गाढवाला भोंगा मिळाला. गाढवाला भोंगा कशाला, असं विचारू नका. मान असतो.

रात्री मात्र चिडीचूप. पान पडलं तरी ऐकू यावं. आणि त्या शांततेत रंगोबा फांदीवर टक्क जागा. छातीत ढोल चालूच. पहाटे कुठे मान कलंडायची, ती दुपारपर्यंत. बांग निघाली जेवणाच्या वेळेला. माकडांनी भरल्या पोटी तोंडं धुतली.

बायकोने, सगुणाने, त्याला साळिंदर वैद्याकडे पिटाळलं. वैद्य म्हणाला, "अंगात दोन रस असतात. उठवणारा पहाटे चढतो, संध्याकाळी उतरतो. निजवणारा अंधारात झिरपतो. दिवसभर कानावर ढोल पडला की पहिला उतरतच नाही. तो ठाण मांडून बसलेला बघून दुसरा दारातूनच परत जातो."

औषध विचारलं तर म्हणाला, कान काढून ठेवता येतात का बघ.

रंगोबा दरबारात गेला. दिवसाचा गोंगाट जरा कमी करा म्हणाला.

"आवाज दिवसा आणि झोप मोडते रात्री?" प्रधान तरस म्हणाला. "उद्या म्हणशील, काल खाल्लेल्या मिरचीने आज पोट दुखतं."

सगळे हसले. ज्यांचं दुखत होतं तेही हसले.

महाराज रंगोबाच्या मांड्यांकडे बघत होते. पण प्रधान अडला. कोंबडा सरकारी. तो चुकला म्हणजे सरकार चुकलं, आणि ते तर होणे नाही. मग चुकला कोण? सूर्य.

लगेच हुकूम निघाला. यापुढे रंगोबा आरवेल तेव्हाच दिवस. तोवर रात्र, आणि रात्री जो आवाज करील त्याची शेपटी कापणार. राजाचीसुद्धा, असं महाराजांनी टाळ्यांच्या भरात ठोकून दिलं.

रंगोबा अडाणी, पण हुकूम त्याला कळला. दुसऱ्या दिवशी तो आरवलाच नाही.

ऊन डोक्यावर आलं तरी कायद्याने रात्र. अस्वलं टिपऱ्या उगारून तशीच उभी. गाढव भोंग्याला तोंड लावून वाट बघतंय. उभ्याउभ्या एकेकाला डुलकी लागली. एक अस्वल ढोलावरच आडवं झालं. रोज हेच. भर दुपारी सारं जंगल गाढ झोपू लागलं.

हळूहळू रंगोबाचे रस ताळ्यावर आले. एका पहाटे, तांबडं फुटायच्या आत, त्याला आपोआप जाग आली. बरोब्बर वेळेला. बांग गळ्यापर्यंत आली, बापआज्याची, खणखणीत.

"आरवू का गं?"

"आरवा. आणि ढोल घ्या उशाला," सगुणा म्हणाली.

त्याने बांग गिळली. पोरांनो, आयुष्यातली सगळ्यात चांगली बांग होती ती.

दुपारी महाराज चवड्यांवर चालत झाडाखाली आले. कोंबड्याला खावं तर दिवस कधीच उगवायचा नाही. पार काकुळतीला आले होते.

"रंगोबा, आरव की रे बाबा," ते कुजबुजले. "केक वाळला."

"महाराज, रात्र आहे," रंगोबा डोळे मिटून म्हणाला. "शेपटी सांभाळा."

महाराजांनी शेपटी पायांत घातली आणि आले तसे, वाळकं पानही न वाजवता, परत गेले.

तात्पर्य: कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं शहाणे सांगतात. राहतं, पोरांनो, खुशाल राहतं. फक्त कोंबडा सरकारी पाहिजे.