राउटरचा घसा

दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचं असेल, तर त्यांचं एकमेकांशी पटावं लागत नाही. मध्ये राउटर नावाचं तिसरं यंत्र असलं की पुरतं. सारं जग आज याच तत्त्वावर चालतं. बाबा आणि दादा यांनी दोन वर्षांपूर्वी बोलणं टाकल्यापासून धाकटीचं घरही त्याच तत्त्वावर बिनबोभाट चाललं होतं. (वाद पंख्याच्या वेगावरून. पंखा नंतर बदलला, वाद नाही.)

धाकटी नुकतीच नेटवर्क इंजिनिअर म्हणून नोकरीला लागली होती, त्यामुळे घराची रचना तिच्या चटकन लक्षात आली. बाबा बैठकीतून निरोप सोडत. आई तो स्वयंपाकघरातून उचलून दादाच्या खोलीत पोचवी आणि पोच घेऊन परत येई. पोच आली नाही, की बाबा तोच निरोप पुन्हा सोडत. नियमही तसाच आहे. (दर वेळी वरच्या पट्टीत सोडावा, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.)

एकाच बाबतीत आई कमी पडायची. चांगला राउटर पाकिटावरचा फक्त पत्ता पाहतो, आतला मजकूर वाचत नाही. आई वाचायची. वर दुरुस्त्याही करायची.

"त्या दिवट्याला म्हणावं, दारातली गाडी हलव," असं बाबांकडून निघे. दादापर्यंत जाईतो त्याचं "बाळा, गाडी जरा बाजूला घेतोस का रे? बाबांच्या गुडघ्याला लागते," असं झालेलं असे. दादाचं "त्यांना म्हणावं, डोळे उघडे ठेवून चाला," परत येताना "हो म्हणाला" एवढंच उरे. (मजकूर इतका आवळणं अजून कुठल्याही कंपनीला जमलेलं नाही.)

मग आईचा आवाज बसला.

डॉक्टरीणबाईंनी घशात बॅटरी मारली. "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर हा आवाज कायमचा जाईल."

घर हादरलं.

"आता बाबांना कोण सांगणार?" दादानं विचारलं.

"तू," धाकटी म्हणाली.

"चल! काहीतरीच."

तिसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. पाणी बाबांना दिसत होतं. मोटरचं बटण दादाच्या खोलीत होतं. आईनं तोंड उघडलं. धाकटीनं धावत जाऊन त्यावर हात ठेवला. बाबांनी ते पाहिलं, आणि दादाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. तुम्हाला माझं येतंय का?"

"येतंय."

जोडणी झाली. (यंत्रंसुद्धा नेमकं हेच तीन टप्प्यांत विचारून घेतात आणि मगच कामाचं बोलतात.)

"मोटर बंद कर, गाढवा."

"करतो. ओरडू नका."

मजकूर दोन्हीकडे जसाच्या तसा पोचला. कुणालाही इजा झाली नाही.

आठवडा संपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं, आता खुशाल बोला." घरी आल्यावर मात्र आईनं गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. बाहेर बाबा आणि दादा चहातल्या साखरेवरून थेट भांडत होते. न्हाणीघरात आई गुणगुणत असल्याचं धाकटीनं ऐकलं. तिच्या कंपनीत दुरुस्ती झाली की ताबडतोब कळवायचा दंडक आहे. घराला तो लागू नाही, असं तिनं ठरवलं.

तुमच्या घरी अर्थातच असलं काही नाही. सगळ्यांचं सगळ्यांशी छान पटतं. हे तुम्हाला जिनं सांगितलं, तिचा घसा एकदा दाखवून आणा.