तीन मिलिमीटरचा जावई

देवाची शप्पथ, दर्याची शप्पथ आणि माझ्या उरलेल्या चार दातांची शप्पथ! यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं बोईसरला जाऊन विचारावं.

तर बोईसरच्या एका कारखान्यात शैलेश डिझाइनचं काम करायचा. तिथं वाफेच्या दाबाची मोठी टाकी बनत होती. तिच्या अंगाला पाणी भरायची आखूड नळी, म्हणजे नॉझल, बसवायची होती. तिची भिंत कमीत कमी किती जाड हवी, एवढंच शैलेशनं काढायचं. त्यानं दाब धरला, गंज धरला, पाइप मुळातच जरा पातळ येतो तेही धरलं. उत्तर आलं तीन मिलिमीटर. पठ्ठ्या खूश! टाकीच्या चाचणीला उमरोळीचे रामनाथ आपल्या लेकीला, मेघालीला, घेऊन त्याचं काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर जावई, नाहीतर चहा पिऊन परत.

तपासणाऱ्या अर्चनाबाई म्हणाल्या, "गंजासाठी थोडं टाक रे."

"धरलाय मॅडम."

"तो तुझा. आता माझा धर."

मग खरेदीवाल्या कमलाकांतनं वाढवलं. मोठे साहेब खंडेराव म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय? टाक दणकून!" सोयरीक तोंडावर आलेली, भांडण कशाला, म्हणून शैलेश सगळ्यांना हो म्हणत गेला. आता पाइपाचं असं, की बाहेरून तो ठरलेल्या मापाचाच राहतो. जाडी वाढते ती आतल्या आत, सासूच्या रागासारखी. एवढा जाड पाइप बाजारात मिळेना, तेव्हा भरीव लोखंड आणून त्याला भोक पाडायचं ठरलं. लेथवाल्या जिवल्यानं ड्रॉइंग बघितलं आणि उडीच मारली. "सायेब, भोकाला जागाच नाय! म्हंजे माझं काम झालं!"

चाचणीला पंप सुरू झाला. घुरघुरला, थरथरला, नॉझलला लावलेला रबरी पाइप सुटला आणि सगळं पाणी खंडेरावांच्या अंगावर. टाकीत थेंब नाही.

"कुणी केलं हे?" खंडेराव गरजले. अर्चनाबाई छताकडे बघू लागल्या, कमलाकांत बुटांकडे. शेवटी सगळे बघायला लागले शैलेशकडे.

तेवढ्यात रामनाथांनी पुढे होऊन नॉझलवर टकटक केलं. "वा! आमच्या वाडीतला पाइप दर साली फुटतो. यो नाय फुटायचा."

"बाबा, त्याला भोकच नाय," मेघाली म्हणाली.

"भोकच नाय तर गळंल कुठनं? ज्यानं यो बनवला त्याला डोले मिटून पोरगी देतो!"

"जाडी मीच वाढवायला सांगितली," खंडेराव मिशी पिळत म्हणाले. मिशीतून पाणी गळलं.

"पहिली वाढ माझी!" अर्चनाबाई ओरडल्या.

"मधली माझी!" कमलाकांत.

रामनाथ शैलेशकडे वळले. "आनि तुमी किती घातली?"

"तीन. कमीत कमी तेवढीच लागते."

"कमीत कमी?" रामनाथांचं तोंड उतरलं. "असा हात आखडून वागणारा जावई!" ते तीन पोरांचा बाप असलेल्या, ओल्याचिंब खंडेरावांकडे वळले. "सायेब, तुमचं लगीन झालंय का ओ?"

मेघालीनं भर कारखान्यात शैलेशचा हात धरला. "बाबा, मला तीन मिलिमीटर पुरे!"

लग्न झालं, मी स्वतः जेवून आले. आता एक कबूल करते. नळी अगदीच भरीव नव्हती. जिऱ्याचा एक दाणा उभा धरला तर जाईल एवढं भोक होतं. आडवा नाही जायचा.