आधीचे, नंतरचे आणि निरगुडे मामा

निरगुडे मामांना कुणीही भेटो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “रुजू कधी झालास?” नाव, गाव, चहा हे सगळं त्यानंतर. शेजारच्या पाड्यावरच्या लग्नात त्यांनी हे नवरदेवालाही विचारलं, तेही अक्षता पडायच्या आधी. नवरदेव गवंडीकाम करणारा. तो म्हणाला, मामा, मी अजून कुठंच रुजू नाय झालो. मामांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “म्हंजे नंतरचाच.”

मामांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, आधीची आणि नंतरची. मधली रेघ १ नोव्हेंबर २००५ ची. त्या तारखेच्या आधी सरकारी नोकरीत रुजू झालेल्याला जुनी पेन्शन. मरेपर्यंत त्याला आणि त्याच्यामागं बायकोला. त्या दिवशी किंवा नंतर रुजू झालेल्याला नवी योजना, म्हणजे पगारातून कापलेला पैसा बाजारात जाणार आणि बाजार देईल ते मुकाट घ्यायचं. काम तेच, चूल तीच, धूरही तोच. फक्त तारीख वेगळी. ज्यांनी ही रेघ मारली त्यांच्यापैकी कुणी दोनशे पोरांची डाळ ढवळून पाहिली असती तर रेघ इतकी सरळ आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामा डोळखांबच्या डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी आहेत. निरगुडे हे त्यांचं खरं नाव नाही. का, ते पुढे येईलच.

ही रेघ मामा सगळीकडे लावतात. ओढ्यावरचा पूल आधीचा, म्हणून उभा आहे. मोबाइलचा टॉवर नंतरचा, म्हणून वारं सुटलं की गप्प. दूध आटलेली म्हैस नंतरची. एकदा हिरामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, “आन मी?”

“तू आधीची.”

“मंग माजी पेन्शन कुटं हाय?” मामी म्हणाल्या. मामा चुलीतली लाकडं नीट करायला लागले.

मी शहापूरला, आश्रमशाळांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर. दर अकरा महिन्यांनी मला काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. मामांनी मला कुठं बसवावं यावर आठवडाभर विचार केला आणि निकाल दिला, “तुला तारीखच नाय गो. तू पावणी.” तेव्हापासून मी पेन्शनच्या मागणीची पत्रकं लिहायला लागले. पहिलं पत्रक मामांना दाखवलं. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाले, “अन्याय लय झालाय. मीठ कमी कर.” मोजलं तर एका पानात अकरा वेळा अन्याय होता. सात काढले. चार ठेवले, कारण चार खरेच होते.

त्यातला एक मामांचा. वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबल्यावर कायम केल्याचा आदेश त्यांच्या हातात २००५ च्या ऑक्टोबरमध्येच पडला होता. शहापूरला जाऊन हजर व्हायचं, एवढंच बाकी. ते गेले दिवाळीची सुट्टी संपल्यावर. नोंद सांगते: ‘घरगुती कारणामुळे उशिरा हजर.’ तेवढ्यानं जन्माचे नंतरचे झाले.

कसलं घरगुती कारण, असं मी किती वेळा विचारलं असेल. कधी म्हैस व्याली होती, कधी पाय मुरगळला होता. एकदा तर म्हणाले हिरा रुसली होती. मामी आतून म्हणाल्या, “मला रुसायला येळ कवा होता?”

पुढे सरकारनं थोडी सूट दिली. भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची असेल, तर जुनी पेन्शन मागता येईल. मी फाइल घेऊन धावले. पण रोजंदारीच्या माणसाला कायम करताना जाहिरात कोण देतो? मामा पुन्हा बाहेर. आणि येत्या मे महिन्यात ते निवृत्त होतायत.

मग मुरबाडला अंगणवाडी सेविकांची सभा झाली, तिथं मी पत्रकं वाटायला गेले होते. वैशाखऱ्याकडची एक सेविका चहा पिताना सहज म्हणाली, मी मामांच्याच आश्रमशाळेत शिकले. एका दिवाळीला आमचे आयबाप न्यायलाच आले नाहीत, भात कापणी लांबली होती. मुख्याध्यापक किल्ल्या मामांकडे देऊन गावी गेले. आम्ही काही मुली मामांसोबत शाळेतच राहिलो. मामांनी काकडी किसून पिठात कालवली, पानात उकडून आम्हाला खाऊ घातली. “खिशात कसला तरी कागद होता. सारका काडून बगायचे आन परत ठेवायचे. मी इचारलं तर बोलले, शहापूर काय पळून जातंय?”

मी वर्ष विचारलं. तेच होतं.

दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपर घेऊन मामांकडे गेले. प्रतिज्ञापत्राच्या डोक्यावर त्यांचं नावही घालून ठेवलं होतं. सगळ्या मुलींना शोधू, त्यांचे जबाब घेऊ, तुम्ही त्या दिवशी सरकारी मुलं सांभाळत होतात हे सिद्ध करू, कोर्टात जाऊ, असं मी एका दमात सांगितलं.

मामा तांदूळ निवडत होते. हात थांबला नाही.

“जबाब घ्यायचा म्हंजे त्यांना सांगावं लागंल.”

“अर्थात.”

“मंग त्यांना वाटंल, आपल्यापायी मामाची पेन्शन गेली. तवा लहान होत्या गो. आता त्यांच्या भातात खडा नको.”

हक्क सोडू नये, यावर माझ्याकडे दोन पानी पत्रक तयार होतं. मी त्यातलं बरंच म्हणून दाखवलं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “ती वैशाखऱ्याची. ती आधीची का नंतरची?”

मी सांगितलं, सेविकांना पगार नसतो, मानधन असतं. सरकार त्यांना कर्मचारीच धरत नाही. त्या कुठल्याच बाजूला नाहीत.

मामांनी सूप खाली ठेवलं. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्टॅम्पपेपरवरच्या आपल्या नावावर एक रेघ मारली, अगदी सरळ.

“कागद फुकट नको जायला,” ते म्हणाले. “तिचं लिव.”